ओढ्यावर वाकलेल्या पानासाठी

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,


मी पाटण तालुक्यात ३१ वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. आता निवृत्त झाले आहे आणि कोयनेच्या खोऱ्यातच राहते. 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थानाच्या मूळ आखणीतच आमचा सगळा मुलूख येतो. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतली २३५ गावं, १,१५३ चौरस किलोमीटर क्षेत्र. २०१९ साली त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, पुढे प्रारूप विकास योजना आली, हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. जाणकारांनी त्या घेतल्या आहेत आणि माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत घेतल्या आहेत. मला आपल्याला एका बेडकाविषयी लिहायचं आहे. पत्र थोडं लांबेल, पण शेवटी मागणी एकच आहे.

नोकरीला लागून मला दोनच वर्षं झाली होती. शाळा दोन खोल्यांची, वर पत्रा, मागे हाकेच्या अंतरावर ओढा. जुलैचा महिना. तिसरीतला एक मुलगा इरल्याखाली काहीतरी जपत वर्गात आला आणि त्याने माझ्यापुढे हात केला. तळहातावर जांभळीचं ओलं पान होतं आणि पानाच्या टोकाला पारदर्शक मण्यांचा एक पुंजका चिकटलेला. प्रत्येक मण्याच्या आत एक काळसर ठिपका.

"बाई, पानाला साबुदाणा लागलाय," तो म्हणाला. "वढ्याच्या वरल्या फांदीला हुता."

मी ते पान खिडकीत ठेवलं. मुलं भोवती जमली. कुणी म्हणालं पाखराची विष्ठा, कुणी म्हणालं कोळ्याचं घरटं. त्या मुलाने हळूच विचारलं, "बेडकाची अंडी आसतील का?" तेव्हा मी पुस्तक उघडून बेडकाच्या जीवनचक्राचं चित्र दाखवलं. चित्रात तळं होतं, तळ्यात अंडी, अंड्यांतून शेपटीवाली पिल्लं. बेडूक पाण्यात अंडी घालतो, झाडावर नाही, असं मी त्याला ठामपणे सांगितलं. त्या दिवशी नेमकी उघडीप होती. आठवडाभराच्या झडीनंतर ऊन पडलं, पत्रा तापला. शाळा सुटायच्या वेळी पाहिलं तर मणी चपटे होऊन पानाला डिंकाच्या पापुद्र्यासारखे बसले होते. मुलाने ते पाहिलं. एक शब्द बोलला नाही. पान उचललं, ओढ्यापाशी गेला आणि जिथून तोडलं होतं त्याच फांदीच्या बेचक्यात ते ठेवून आला.

मी चुकले होते हे मला पुष्कळ वर्षांनी, २०१६ च्या जून महिन्यात, वर्तमानपत्रातून कळलं. बातमी आमच्याच तालुक्यातली होती. कोयनानगरजवळच्या हुंबरळी गावच्या ओढ्यांवर शास्त्रज्ञांनी पावसाळ्यामागून पावसाळे, रात्री-रात्री बसून एका बेडकाचं निरीक्षण केलं होतं. दिल्ली विद्यापीठाचे डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास. त्या बेडकाला मी रातबेडूक म्हणते. शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, इंग्रजीत बॉम्बे नाइट फ्रॉग. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नाही. वढ्यातलं बेडूक, एवढंच.

त्या अभ्यासात जे दिसलं ते जगात दुसऱ्या कुठल्याही बेडकात कुणी पाहिलं नव्हतं. बेडकांमध्ये नर मादीला कसा धरतो याच्या तोवर सहा तऱ्हा माहीत होत्या. ही सातवी निघाली. पावसाळ्याच्या रात्री नर ओढ्यावर वाकलेल्या पानावर, फांदीवर किंवा ओल्या कातळावर बसून साद घालतो. मादी त्याच्यापाशी येते. नर तिच्या पाठीवर चढतो, पण तिला मिठी मारत नाही. त्याचे पुढचे पाय असतात पानावर नाहीतर फांदीवर. तो मादीला नाही, झाडाला धरून बसतो. आपलं बीज तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. मग मादी अंडी घालते, आणि तिच्या पाठीवरून ओघळणाऱ्या बीजाने ती फळतात. ही मादी सादही घालते. बेडकांच्या हजारो जातींपैकी मादी बोलते अशा जाती तेव्हा पंचविसाच्या आसपासच ठाऊक होत्या.

पुढचं सगळं त्या पानावर अवलंबून असतं. अंड्यांना कवच नसतं. ती पानाला लटकून राहतात, खालून ओढ्याचा गारवा आणि तुषार, वरून झाडांची सावली. दिवस भरले की पिल्लं पानावरून थेट खालच्या पाण्यात पडतात. पान बांधावर असेल तर पिल्लू मातीत पडेल आणि मरेल. पानावर ऊन आलं तर काय होतं ते मी माझ्या वर्गाच्या खिडकीत पाहिलं आहे. म्हणून या बेडकाला नुसतं पाणी पुरत नाही आणि नुसतं जंगलही पुरत नाही. पाणी आणि जंगल जिथे एकमेकांना खेटून असतात, तिथली हात-दोन हात उंचीची ओली सावली त्याला लागते. महोदय, मला जे सांगायचं आहे ते या हात-दोन हात जागेबद्दलच आहे.

बातमी वाचल्यावर त्याच पावसाळ्यात मी धाकट्या दिराला आणि पुतण्याला सोबत घेऊन रात्री ओढ्यावर गेले. दिराच्या हातात बॅटरी, आम्हा तिघांच्या पायांना जळवांसाठी मीठ-तंबाखू चोळलेली. लहानपणी खेकडे धरायला याच ओढ्याने गेलो होतो, तेव्हा टेंभा असायचा आणि कान खेकड्यांच्या खुडखुडीकडे असायचे. या वेळी बेडकासाठी कान दिला. धबधब्याच्या आवाजातून तो लवकर कानात शिरत नाही. आधी वाटलं पाण्याचाच बुडबुडा फुटतोय. मग त्याच जागेवरून पुन्हा तोच आवाज. पुतण्याने बॅटरी धरली तर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, पिशाच्या रोपट्याच्या पानावर तो बसला होता. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, तपकिरी, कातडीवर म्हाताऱ्या माणसाच्या हातासारख्या सुरकुत्या. डोळ्यातली बाहुली गोल नाही, शंकरपाळ्यासारखी. बोटांची टोकं पसरट, पानाला घट्ट. उजेड पडल्यावरही तो हलला नाही. आम्हीच बॅटरी विझवली.

पुतण्या अंधारात म्हणाला, "काकी, ह्यो आपल्याच वढ्यात हुता व्हय इतकी वर्सं?"

होता. उत्तर सह्याद्रीबाहेर जगात कुठेही नाही, इतका तो आपला आहे. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी या अभ्यासकांनी त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली आणि त्याला मुंबईच्या हुमायून अब्दुलालींचं नाव दिलं. अब्दुलाली पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून माहीत आहेत, पण बेडकांवर त्यांचा फार मोठा उपकार आहे. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जेवणाच्या टेबलांवर जात होत्या, तेव्हा भाताच्या खाचरातला बेडूक संपला तर किडींचं काय होईल हे सांगत ज्यांनी आवाज उठवला त्यांत ते पुढे होते. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. ज्या राज्यातल्या माणसाने बेडकासाठी एवढं केलं, त्याच राज्यात त्याच्या नावाचा बेडूक २००४ साली निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला. कारण शिकारीचं नव्हतं. त्याचं घर तुटत होतं. जगातल्या बेडकासारख्या उभयचर प्राण्यांपैकी ४१ टक्के जाती आज संकटात आहेत. एवढं संकट ना पक्ष्यांवर आहे, ना सस्तन प्राण्यांवर.

आता नकाशाकडे येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी मोजणीची माणसं आली होती. कुणाची, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ती मे महिन्यात आली. मोजणीला नेहमी उन्हाळ्यातच येतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. आमच्याकडच्या पावसात कागद हातात धरवत नाही. आमच्या खोऱ्यातल्या नवज्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण मे महिन्यात शाळेमागचा ओढा म्हणजे दगडगोट्यांची एक रिकामी वाट. त्यांनी माझ्या दिराला विचारलं, "हा नाला बारमाही आहे का?" तो म्हणाला, "न्हाई, पावसाळी." त्यांनी लिहून घेतलं. दोन वर्षांनी रस्ता झाला तेव्हा ओढ्याच्या जागी सिमेंटचे दोन नळ टाकून मोरी केली गेली. डोंगर कापून निघालेला मुरूम आणि दगड ओढ्याच्या काठावरून खाली लोटून दिले. त्याखाली काठची जांभळं, अंजनी, पिसा सगळं गेलं. पुढच्या पावसात ती माती वाहून खालच्या डोहात बसली. कातळांमधल्या फटी चिखलाने भरल्या. पाणी आजही वाहतं, पावसाळ्यात तर दणदणून वाहतं. नकाशावर पाहिलं तर तिथे ओढा आहे आणि मोरीही आहे, काहीच गेलेलं नाही. फक्त पाण्यावर वाकलेलं एकही पान उरलेलं नाही. सलग तीन पावसाळे मी रात्री तिथे उभी राहिले आहे. तिथे रातबेडूक बोलत नाही. वर, रस्त्यापासून पाऊण मैलावर, देवराईत शिरल्यावर तो बोलतो.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. कृपा करून माझं पत्र रस्ताविरोधी पत्रांच्या ढिगात टाकू नका. याच रस्त्याने आमच्याकडे आता रात्री-अपरात्री गाडी येते. पूर्वी बाळंतिणीला डोलीत घालून उतरवावं लागे आणि अशा एका डोलीसोबत मी स्वतः चालले आहे. या खोऱ्याने राज्याला पुष्कळ दिलं आहे. कोयना धरणासाठी गावंच्या गावं उठली. घराघरांतली माणसं मुंबईत माथाडी झाली, ओझी वाहून वाहून त्यांच्या माना वाकल्या. पोरांना इथेच काम मिळत असेल, चार खोल्यांचं निवासी घर काढून कुणाची आई पर्यटकांना नाचणीची भाकरी करून घालणार असेल, तर ते मला हवंच आहे. वाघासाठी, बेडकासाठी म्हणून गरिबाला उठवायचं आणि नंतर त्याच डोंगरावर पैसेवाल्याला बंगला बांधू द्यायचा, याचा मला रागच आहे. आमच्या लोकांना जंगल नको आहे असं कुणी आपल्याला सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. देवराईतली काटकीसुद्धा आमच्याकडे कुणी घरी नेत नाही.

आणि हा विषय नुसत्या बेडकाचाही नाही. जुलै २०२१ च्या त्या रात्री आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. झोपेतली माणसं गेली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची नातलग मंडळी त्यांत होती. त्या रात्रीचा पाऊस अफाट होता हे खरं. पण डोंगरात पाणी कुठून वाहतं, कुठे मुरतं, कुठे साठतं, याचा हिशेब नसलेल्या जमिनीवर आणखी कापाकापी करायची तर मनात धाकधूक होते. ओढ्याच्या काठची झाडं मुळांनी काठ धरून ठेवतात, हे शेतकऱ्याच्या लेकराला शिकवावं लागत नाही. ज्या ओढ्यावर रातबेडूक ओरडतो तिथला काठ शाबूत आहे, सावली शाबूत आहे, पाण्याला गाळ नाही, असा आमच्यापुरता मी त्याचा अर्थ लावते.

पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ साली. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा निघाला. २०१२ साली कास, कोयना, चांदोली जागतिक वारसास्थळांत गेले, त्याआधी २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हे सगळं मोठं आहे आणि त्याचा आनंद आहे. पण त्या रेषा डोंगरावर आखल्या जातात. रेषेच्या अलीकडचा, वाडीच्या मागचा, मे महिन्यात कोरडा दिसणारा आणि कागदावर नाव नसलेला ओढा कुणाच्याच रेषेत येत नाही. गिरिस्थान होणार ते नेमकं अशाच जागी. हॉटेल, वाहनतळ, दृश्यस्थळ, जोडरस्ते, सगळ्यांना सपाट जागा आणि उतार लागतो, आणि आमच्याकडे प्रत्येक उताराला एक ओढा आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. या २३५ गावांत कुठेही बांधकामाची परवानगी देण्याआधी आणि कुठलाही रस्ता आखण्याआधी त्या गावच्या ओढ्यांची पाहणी पावसाळ्यात व्हावी, आणि ती रात्रीही व्हावी. मे महिन्यातल्या मोजणीवर ओढ्याचं भवितव्य ठरू नये. जून ते सप्टेंबरच्या दरम्यान जाणकार माणूस आणि गावातली दोन पोरं ओढ्याने वरपर्यंत चालत गेली, तर कुठे काठ शाबूत आहे, कुठे पानं पाण्यावर वाकलेली आहेत, कुठे रातबेडूक बोलतो, हे एका पावसाळ्यात गावागणिक नोंदवता येईल. आमच्या पोरांना ओढे पाठ आहेत, त्यांना शिकवायला वेळ लागणार नाही. मग तेवढा पट्टा, पाणी आणि दोन्ही काठची झाडं मिळून, विकास योजनेच्या नकाशावर नावानिशी दाखवा आणि तिथे कुणालाही हात लावू देऊ नका. रस्ता ओलांडायचाच असेल तर नळ टाकून नाही, खालचा दगडगोट्यांचा तळ तसाच राहील असा लहान पूल बांधून ओलांडा. मुरूम खाली लोटणं बंद झालंच पाहिजे. दिव्यांचं, सांडपाण्याचंही लिहिता येईल, पण पाहणी नीट झाली तर तज्ज्ञ ते ठरवतील.

यात कुणाचं घर जात नाही. फार तर एखाद्या हॉटेलाला आपली मागची भिंत दहा-वीस पावलं अलीकडे घ्यावी लागेल.

आपण मंत्री आहात. आपल्या टेबलावर दररोज लाखो माणसांचे प्रश्न येतात आणि त्यांत एक बाई बेडकाबद्दल लिहिते, हे आपल्याला वेळेचा अपव्यय वाटू नये एवढीच विनंती. मी आयुष्यभर मुलांना पुस्तकातलं तळ्याचं चित्र दाखवून शिकवलं आणि शाळेच्या मागे काय चाललं आहे ते मला ठाऊक नव्हतं. त्या तिसरीतल्या मुलाला ठाऊक होतं. तो आज नवी मुंबईत बाजारात काम करतो. गणपतीला गावी आला की अजून भेटायला येतो. मागच्या वर्षी मी त्याला सांगितलं की तू बरोबर होतास, ती बेडकाचीच अंडी होती. त्याला ते पान आठवत होतं. म्हणाला, "बाई, ती फांदी आता न्हाई."

गेल्या पावसाळ्यात माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांनी आमच्या गावच्या हद्दीतले सगळे ओढे चालून त्यांची नावं लिहून काढली. म्हाताऱ्या माणसांना विचारून, कारण कुठल्याही कागदावर ती नव्हती. म्हसोबाचा ओढा, सुतारओहोळ, वाघजाळी, बायकांचं पाणी, अशी एकूण सतरा नावं. जिथे रातबेडूक ऐकू आला तिथे त्यांनी नावापुढे हिरवी खूण केली आहे. अकरा खुणा आहेत. ती यादी पत्रासोबत जोडली आहे. सतराव्या क्रमांकावर शाळेमागचा ओढा आहे, त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.

आपली,
कोयनाकाठची एक निवृत्त शिक्षिका

सोबत : ओढ्यांची यादी, दोन पाने.